इंग्रजी प्रावीण्य परीक्षेतील संभाषण विभाग : स्वरूप, मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांच्या अडचणी व पूर्वतयारी

प्रस्तावना

परदेशातील उच्च शिक्षण, परिचर्या व्यवसाय अथवा स्थलांतर यांसाठी इंग्रजीच्या प्रावीण्याचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या परीक्षांपैकी आयईएलटीएस ही परीक्षा आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या विशेष परिचयाची आहे. 1989 मध्ये सुरू झालेल्या या परीक्षेचे श्रवण, वाचन, लेखन व संभाषण असे चार विभाग आहेत. प्रस्तुत लेखात यांपैकी केवळ संभाषण विभागाचा विचार केला आहे. वाचन व लेखन यांत समाधानकारक गुण मिळविणारा मराठी माध्यमातील विद्यार्थी नेमका याच विभागात मागे पडतो, असा प्रस्तुत लेखकाचा गेल्या काही वर्षांतील अनुभव आहे. या अनुभवामागील कारणे केवळ इंग्रजी विषयाच्या अध्यापनात सापडत नाहीत. म्हणूनच हे विवेचन अन्य विषयांच्या अध्यापकांसमोरही ठेवावेसे वाटले.

या विषयाकडे वळण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. आमच्याच कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी होऊन पुढे परिचर्येची पदवी घेतलेली एक विद्यार्थिनी मार्गदर्शनासाठी आली. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी होण्यासाठी तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला ही परीक्षा देणाऱ्यांकडून संभाषणात किमान 7 बँड अपेक्षित असतो. या विद्यार्थिनीला दोन वेळा 5.5 बँडवर थांबावे लागले होते. दोन्ही वेळचे शुल्क वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून भरले होते. तिच्याजवळ दोनशेपानी वही होती व तीत 64 विषयांवरील उत्तरे सुवाच्य अक्षरांत लिहिलेली होती. ती उत्तरे तिला मुखोद्गत होती. इंग्रजी निर्दोष होते. मग 5.5 का, हा तिचा प्रश्न होता व त्या दिवशी प्रस्तुत लेखकाजवळ त्याचे उत्तर नव्हते.

परीक्षेचे स्वरूप

संभाषण विभागाची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. परीक्षक व परीक्षार्थी समोरासमोर बसतात किंवा काही केंद्रांवर व्हिडिओ कॉलद्वारे बोलतात. संपूर्ण संभाषण ध्वनिमुद्रित केले जाते. शैक्षणिक व सर्वसाधारण अशा दोन्ही प्रकारच्या परीक्षार्थींसाठी हा विभाग सारखाच असतो. त्याचा आजचा तीन भागांचा आराखडा 2001 मधील सुधारणेपासून चालत आला आहे.

पहिल्या भागात 4 ते 5 मिनिटे घर, गाव, शिक्षण, काम, आवडीनिवडी अशा परिचित विषयांवर प्रश्न विचारले जातात. दुसऱ्या भागात परीक्षार्थीच्या हाती एक कार्ड दिले जाते. त्यावर एक विषय व त्याअनुषंगाने बोलावयाचे काही मुद्दे असतात. विचारासाठी 1 मिनिट, टिपणासाठी कागद व पेन्सिल मिळते आणि नंतर 1 ते 2 मिनिटे एकट्याने सलग बोलावयाचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाशी निगडित, परंतु अधिक अमूर्त प्रश्नांवर 4 ते 5 मिनिटे चर्चा होते. दुसऱ्या भागात 'तुम्हाला आठवणारा एखादा शिक्षक' असा विषय आला असेल, तर तिसऱ्या भागात शिक्षकाचे समाजातील स्थान बदलत आहे काय, यंत्र शिक्षकाची जागा घेऊ शकेल काय, असे प्रश्न येऊ शकतात. परिचिताकडून अमूर्ताकडे जाणारी ही रचना लक्षात घेण्याजोगी आहे, कारण आमचे विद्यार्थी पहिल्या भागात तग धरतात, दुसऱ्यात अडखळतात आणि तिसऱ्यात गप्प होतात.

मूल्यमापनाचे निकष

परीक्षक चार निकषांवर 0 ते 9 या श्रेणीत गुण देतो व चारही निकषांचे वजन सारखे असते : ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची व्याप्ती व अचूकता, आणि उच्चार. उच्चाराच्या निकषावर 2008 पर्यंत केवळ 2, 4, 6 व 8 असेच बँड दिले जात. त्यानंतर तो निकषही पूर्ण नऊ पायऱ्यांचा झाला.

या यादीत काय नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. विषयाचे ज्ञान हा निकष नाही. मत योग्य की अयोग्य, हेही तपासले जात नाही. ब्रिटिश वा अमेरिकी धाटणीने बोलण्याची अपेक्षा नाही. ऐकणाऱ्यास विनासायास कळावे एवढीच अपेक्षा आहे. अचूकता ही व्याकरणाच्या निकषाचा केवळ अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा व्याप्तीचा, म्हणजे साध्या वाक्यांबरोबर संयुक्त व मिश्र वाक्येही वापरता येतात काय, याचा आहे. चूक होऊ नये म्हणून लहान लहान वाक्यांत बोलणारा विद्यार्थी अचूकता राखतो व व्याप्ती गमावतो.

ओघाच्या निकषाविषयीही गैरसमज आढळतो. ओघ म्हणजे वेग नव्हे. पाचव्या बँडच्या वर्णनात बोलणे चालू ठेवण्यासाठी पुनरुक्ती, स्वतःची दुरुस्ती वा संथपणा यांचा आधार घ्यावा लागणे हे लक्षण सांगितले आहे. सहाव्यात विस्ताराने बोलण्याची तयारी दिसते, मात्र सुसंगती अधूनमधून सुटते. सातव्यात हे विस्ताराने बोलणे फारसे सायास न दिसता घडते. पाच ते सात या प्रवासाचा गाभा विस्तार हा आहे.

'एका वाक्यात उत्तरे लिहा'

येथे आपल्या वर्गांकडे पाहणे क्रमप्राप्त ठरते. महाराष्ट्रात 2000 पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तेव्हा आज महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. परंतु या बारा वर्षांत त्याने सर्व विषयांच्या प्रश्नपत्रिकांत जी सूचना पाहिली ती 'एका वाक्यात उत्तरे लिहा' ही होय. उत्तर नेमके, आटोपशीर व पुस्तकातल्या शब्दांत असावे, हा संस्कार त्याच्या हाडीमांशी खिळलेला असतो. 'आपल्या गावाविषयी सांगा' असे परीक्षकाने म्हणताच तो गावाचे नाव, तालुका व जिल्हा सांगतो आणि थांबतो. त्याच्या दृष्टीने उत्तर पूर्ण झालेले असते.

याला आदराचीही एक बाजू आहे. वडीलधाऱ्यांपुढे, विशेषतः अनोळखी अधिकारी व्यक्तीपुढे, विचारले तेवढेच बोलावे ही आपल्या घरांतील शिकवण आहे. मुलींच्या बाबतीत ती अधिकच कडक असते. परीक्षक म्हणजे 'साहेब' वा 'मॅडम'. त्यांच्यासमोर दोन मिनिटे स्वतःविषयी बोलत राहणे या विद्यार्थिनीला आगाऊपणाचे वाटत होते, हे तिने फार उशिरा व संकोचाने सांगितले. (आता इतिहासजमा झालेल्या एम.फिल.च्या मौखिक परीक्षेत प्रस्तुत लेखकानेही बहिःस्थ परीक्षकांना 'होय सर' याहून फारसे लांब उत्तर दिले नव्हते, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.)

पाठांतराचा प्रश्न

वहीतील उत्तरे पाठ करण्याचा मार्ग विद्यार्थी का निवडतो, हे यावरून स्पष्ट होते. पाठांतराला आपल्या परंपरेत प्रतिष्ठा आहे. पाढे, श्लोक, अभंग, कविता हे सारे मुखोद्गत करूनच पिढ्या शिकल्या व त्यात गैर काही नाही. परंतु संभाषण हे ऐनवेळी घडणारे कर्म आहे. प्रश्नाची दिशा किंचित बदलली की पाठ केलेले उत्तर निरुपयोगी होते. या विद्यार्थिनीच्या वहीत 'माझा आवडता सण' होता. कार्डावर मात्र 'एखाद्या सणात तुमची निराशा झाली तो प्रसंग' असा विषय आला. तिने दिवाळीचे आनंददायी वर्णन म्हणून दाखविले.

परीक्षकास हे ओळखणे कठीण जात नाही. पाठ केलेल्या मजकुरात वेग एकसारखा राहतो, आवाजाचे चढउतार लोपतात, नजर स्थिर होते व शब्दांचा दर्जा अचानक उंचावतो. पुढच्याच साध्या प्रश्नाला उत्तर देताना तो दर्जा कोसळतो आणि दोहोंमधील अंतर स्वतःच साक्ष देते. व्याकरणाच्या निकषात 'पाठ केलेली भासणारी वाक्ये' हा उल्लेख तिसऱ्या बँडच्या वर्णनात येतो, एवढे सांगितले तरी पुरे.

तिच्या वहीला दोष देण्यापूर्वी स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. पहिल्या महिन्यात प्रस्तुत लेखकाने तिची उत्तरे तपासून दिली, त्यांत अधिक भारदस्त शब्द घातले. म्हणजे वही सुधारली; बोलणे जेथे होते तेथेच राहिले. भाषा शिकविणे म्हणजे लिहिलेले तपासणे ही आपली सवय विद्यार्थ्यांच्या पाठांतराइतकीच जुनी आहे.

मराठीचा प्रभाव : व्याकरण व उच्चार

मातृभाषेचा प्रभाव हा दोष मानून चालत नाही. तो कोठे अर्थास बाधा आणतो, हे ओळखावे लागते. मराठीत 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे स्वाभाविक वाक्य आहे. त्याच साच्यात विद्यार्थी 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे' म्हणतो; इंग्रजीत येथे साधा भूतकाळ हवा. 'होतो' म्हणजे 'हॅड' हे समीकरण भाषांतर पद्धतीने शिकल्याचे फळ आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना इंग्रजीचा उंबरठा ओलांडून दिला, हे ऋण मान्य करूनही बोलताना मनात भाषांतर करण्यास वेळ नसतो, हे सांगावे लागते. मराठीतील 'च' या अव्ययाचे 'ओन्ली' होणे ('आय ॲम फ्रॉम सातारा ओन्ली') व प्रत्येक वाक्याअखेरच्या 'ना'चे 'नो' होणे, हेही असेच.

यापेक्षा सूक्ष्म बाब वाक्यरचनेची आहे. 'काल भेटलेली मुलगी', 'आजीने लावलेला आंबा' अशी धातुसाधित विशेषणे मराठीत सहज वापरली जातात. इंग्रजीत तेथे बहुधा 'हू', 'विच', 'दॅट' यांनी जोडलेले गौण वाक्य येते. ते अंगवळणी नसल्याने विद्यार्थी दोन सुटी वाक्ये करतो व 'अँड'ने जोडतो. व्याप्तीचे गुण जातात ते येथे. यावर प्रस्तुत लेखकाला उपयुक्त वाटलेला सराव अगदी साधा आहे : घरातील दहा वस्तू घ्याव्यात व प्रत्येकीविषयी 'आजीने लावलेला आंबा' या धर्तीचे एक वाक्य इंग्रजीत बोलावे.

उच्चारांत पहिली अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. लेखनात आपण त्याचे नियम कसोशीने पाळतो. परंतु प्रमाण मराठीच्या बोलण्यात 'इ' व 'ई' यांच्या लांबीवरून अर्थ सहसा बदलत नाही. इंग्रजीत 'लिव्ह' व 'लीव्ह' यांतील फरक मात्र येथे राहणे व येथून निघून जाणे एवढा मोठा आहे. स्थलांतरासाठी परीक्षा देणाऱ्याने तो गमावणे परवडणारे नाही! दुसरी अडचण 'व'ची. मराठीतील एकच 'व' इंग्रजीतील दोन ध्वनींचे काम करतो. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम उच्चारताना ओठांचा चंबू करावा व 'व्हेस्ट' म्हणजे बंडी उच्चारताना वरचे दात खालच्या ओठास लावावेत, एवढे दाखविले की विद्यार्थी आठवडाभरात सुधारतो. तिसरी, 'झू' व 'झिरो' यांतील महाप्राण. येथे मराठी आपल्या मदतीस येते, कारण 'बाजार' शब्दातील दंततालव्य 'ज' इंग्रजी ध्वनीच्या बराच जवळ जातो. 'जीवन'मधला 'ज' नव्हे, 'बाजार'मधला, असे सांगितले की पुरते.

मात्र सर्वांत अधिक गुण आघातात दडलेले असतात. मराठीत शब्दातील आघाताने अर्थ ठरत नाही व आपण बहुतेक अक्षरांना जवळजवळ सारखेच वजन देतो. इंग्रजीत 'फोटोग्राफ' शब्दात आघात पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर व 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर असतो. 'डेव्हलप' व 'हॉटेल' हे शब्द आपण पहिल्या अवयवावर जोर देऊन उच्चारतो. प्रमाण इंग्रजीत तो दुसऱ्यावर आहे. नवा शब्द वहीत लिहिताना अर्थाबरोबर आघाताखाली रेघ मारण्याची सवय लावली, तर स्वतंत्र तासाची गरज राहत नाही.

पूर्वतयारी : प्रथम मराठीत

पुढील पाच महिन्यांत जे केले त्यातील महत्त्वाचा भाग इंग्रजीचा नव्हताच. वही बाजूला ठेवून तिला विचारले, 'खेड्यातील तरुण शहराकडे का जातात? मराठीतच सांग.' ती पंचवीस सेकंद बोलली व थांबली. त्यानंतर आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गात हाच प्रयोग केला. पंधरापैकी केवळ तीन विद्यार्थी या प्रश्नावर मातृभाषेत दोन मिनिटे बोलू शकले. लहानशा वर्गातील या निरीक्षणावरून सार्वत्रिक अनुमान काढणे योग्य नव्हे. तथापि आपण ज्याला इंग्रजीची अडचण समजत होतो ती पुष्कळ अंशी मोठ्याने विचार करण्याच्या सवयीची अडचण आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत तेव्हापासून झाले. तिसऱ्या भागातील प्रश्नासाठी मत, त्याचे कारण, पाहण्यातील एखादे उदाहरण व त्याविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट लागते. हे ज्याला मराठीत सुचत नाही त्याला इंग्रजीत सुचण्याची शक्यता नाही.

म्हणून पहिले सहा आठवडे रोज एक प्रश्न आधी मराठीत व लगेच इंग्रजीत, असा क्रम ठेवला. मराठीतले बोलणे भाषांतरासाठी नव्हते, सामग्री गोळा करण्यासाठी होते. इंग्रजीत बोलताना मराठीतील अर्धे मुद्दे गळून पडले तरी चालेल, असे स्पष्ट सांगितले. बोलणे भ्रमणध्वनीवर मुद्रित करावयाचे, दुसऱ्या दिवशी ऐकावयाचे व आपण जसे बोललो तसेच, अडखळण्यासह, कागदावर उतरवावयाचे. हा शेवटचा भाग कंटाळवाणा असतो व विद्यार्थी तो टाळतात. पण स्वतःची 'ॲक्च्युअली' एका मिनिटात नऊ वेळा मोजल्यानंतर ती कमी करण्यास सांगावे लागत नाही.

शब्दसंपत्तीच्या निकषात अडलेला शब्द दुसऱ्या शब्दांत समजावून सांगण्याच्या कौशल्यास महत्त्व आहे. त्यासाठी विळी, रवी, सूप, उखळ, मोट या वस्तू, इंग्रजी नाव न वापरता, त्या कधीही न पाहिलेल्या माणसाला कळतील अशा रीतीने इंग्रजीत सांगण्याचा सराव उपयोगी पडला. विळी समजावताना पात्याकडे भाजी न्यावी लागते, पाते भाजीकडे नेत नाहीत, हे सांगण्यास या मुलीला चार प्रयत्न लागले. चौथ्या प्रयत्नात तिने हात वापरले, हसली, स्वतःच वाक्य मोडून पुन्हा जुळविले. वहीतील 64 उत्तरांत असे बोलणे एकही नव्हते.

दुसऱ्या भागातील 1 मिनिटात वाक्ये लिहू नयेत. पाच-सहा शब्द पुरतात, तेही मराठीत लिहिले तरी हरकत नाही. विषय निवडताना भव्यतेच्या मागे लागू नये. दिवाळीवर बोलणारा सर्वांसारखेच बोलतो; बेंदराच्या दिवशी वडिलांनी बैल विकलेला असल्याने रिकाम्या गोठ्यापुढे घालविलेली सकाळ ज्याच्याजवळ आहे, त्याला तपशील शोधावे लागत नाहीत. प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारण्यास सांगण्यात कमीपणा नाही. विचारास क्षणभर हवा असल्यास तसे इंग्रजीतच सांगावे. मौनापेक्षा ते बरे.

अन्य विषयांच्या अध्यापकांकडून अपेक्षा

इंग्रजीचा विभाग हे काम एकट्याने करू शकत नाही, कारण आठवड्यातील मोजके तास त्यासाठी अपुरे आहेत. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, इतिहासाच्या चर्चासत्रात, वाणिज्यच्या प्रकल्प सादरीकरणात विद्यार्थ्याला बोलावे लागतेच. तेथे पहिले वाक्य संपल्यावर पुढचा प्रश्न विचारण्याऐवजी अध्यापकाने काही सेकंद थांबावे व 'आणखी सांग' एवढेच म्हणावे. भाषा मराठी असली तरी चालेल. आमच्या रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी हे एक सत्र करून पाहिले. विद्यार्थ्यांना प्रथम ती शिक्षा वाटली, असे त्यांनी सांगितले. तिसऱ्या आठवड्यानंतर काही जण न विचारता पुढे बोलू लागले. काही अखेरपर्यंत बोलले नाहीत.

सदर विद्यार्थिनीला तिसऱ्या प्रयत्नात संभाषणात 6.5 मिळाले. हवा असलेला बँड अर्ध्याने हुकला, आणि चौथ्यांदा शुल्क भरावे काय, हा प्रश्न त्या घरात अद्याप सुटलेला नाही. परीक्षा देऊन आल्यावर तिने केलेल्या दूरध्वनीत मात्र चिंता वेगळीच होती. गावाच्या आठवडी बाजाराविषयी बोलताना दोन मिनिटे केव्हा संपली ते तिला कळले नव्हते व परीक्षकांनी तिला मध्येच थांबविले होते. त्याचे गुण कापतात काय, असे ती विचारत होती. कापत नाहीत.